प्रारंभ-प्रणालींची तुलना : काही निकषांची चिकित्सा

संगणकास वीज मिळाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती कारभार जाईपर्यंतच्या अल्पकाळात जी संहिता चालते, तिला रूढ भाषेत फर्मवेअर म्हणतात. या काळाचे मान काही सेकंदांचे. आणि कदाचित त्यामुळेच तिच्याविषयीची चर्चा पाठ्यपुस्तकांत एखाद्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात आटोपली जाते. ती थोडी विस्ताराने झालीच तर तिला बहुधा कोष्टकाचे रूप येते. डाव्या बाजूस बायॉस, यूईएफआय, कोअरबूट, यू-बूट अशी नावे. उजवीकडे प्रारंभास लागणारा वेळ, चिपमध्ये व्यापलेली जागा, परवान्याचा प्रकार आणि चालणाऱ्या बोर्डांची संख्या. कोष्टक सोयीचे असते यात शंका नाही. परंतु ते ज्या गृहीतकावर उभे असते ते तपासून पाहिले असता टिकत नाही. गृहीतक असे की, ही चारही नावे एकाच जातीच्या वस्तूंची आहेत आणि विकसकाने त्यांपैकी एक उचलावयाची आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. यूईएफआय ही संहिताच नव्हे. ते एक मानक आहे, आणि त्याचा ग्रंथ आज दोन हजार पृष्ठांपलीकडे गेला आहे. त्या मानकास अनुसरून लिहिलेली, सर्वांस उपलब्ध असलेली संहिता म्हणजे टियानोकोअर प्रकल्पाची ईडीके-२. आपल्याकडील परंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर एक सूत्रग्रंथ आहे आणि दुसरे भाष्य. आणि भाष्ये एकाहून अधिक असू शकतात. यू-बूट ही मूळची स्वतंत्र प्रणाली. पण २०१६ पासून तिच्यातही यूईएफआयच्या सेवांचा एक भाग पुरविण्याची सोय होत गेली, म्हणजे तीही त्याच सूत्रांचे एक संक्षिप्त भाष्य झाली. कोअरबूट स्वतः कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करीत नाही. यंत्राची जुळणी झाली की ते पुढील संहितेस पाचारण करते, आणि ही पुढील संहिता ईडीके-२ असू शकते, यू-बूट असू शकते, किंवा लिनक्सचे कर्नलही असू शकते. तेव्हा ‘कोअरबूट की यूईएफआय’ हा जो प्रश्न वारंवार विचारला जातो तो ‘पाया की छप्पर’ अशा जातीचा आहे. त्यास उत्तर देण्याआधी प्रश्न दुरुस्त करणे इष्ट.

दुरुस्ती करावयाची तर प्रथम त्या काही सेकंदांत घडते काय, हे पाहावयास हवे. आणि त्यातील पहिला अंश सर्वांत कठीण असल्यामुळे त्याजवळ थोडे थांबणे आवश्यक आहे. एक्स-८६ घराण्यातील प्रोसेसर रिसेटनंतर पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून वाचतो. ८०३८६ पासून पुढे हा पत्ता चार गिगाबाइटच्या सीमेच्या सोळा बाइट अलीकडे आहे, आणि तेथे एका लहानशा फ्लॅश चिपचा शेवटचा भाग दिसेल अशी योजना केलेली असते. या क्षणी संगणकाजवळ रॅम नसते. ती बोर्डावर बसविलेली असते, पण उपयोगाची नसते. कारण डीडीआर जातीच्या स्मृतीशी बोलावयाचे तर तारांची लांबी, संकेतांचा विलंब, चिपांची मांडणी यांचा हिशेब त्या त्या बोर्डावर, त्या त्या वेळी करावा लागतो. हा हिशेब करणारा प्रोग्राम मात्र चालविण्यासाठी स्मृती हवी. सी भाषेतील साध्या फलनास देखील स्टॅक लागतो, आणि स्टॅक ठेवण्यास जागा नाही. या पेचातून मार्ग काढण्यासाठी आज बहुतेक सर्व प्रणाली प्रोसेसरच्या कॅशलाच तात्पुरती रॅम म्हणून राबवितात. कोअरबूटच्या पूर्वायुष्यात याहून धाडसी उपाय योजला गेला होता : रॉमसीसी नावाचा एक सी संकलक असा रचला गेला की, त्यातून निघालेला प्रोग्राम स्मृतीला स्पर्शच करीत नसे, सर्व चलराशी प्रोसेसरच्या मोजक्या रजिस्टरांतच बसविल्या जात. कॅशची युक्ती स्थिरावल्यावर तो मागे पडला व पुढे काढून टाकला गेला; तथापि संकलकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो एकदा अवश्य वाचावा, इतका तो मनोहर आहे.

स्मृतीच्या या जुळणीवरच तुलनेचा सर्वांत महत्त्वाचा निकष अवलंबून आहे, आणि कोष्टकात त्याला रकाना नसतो. तो निकष म्हणजे, वाचता येणारी संहिता कोठे संपते? तो पुढे येईलच.

बायॉसचा विचार थोडक्यात पुरे. हे नाव गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम प्रणालीपासून आले, आणि आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकाने ते घरोघरी नेले. बायॉसचे मानक असे कधी नव्हते. आयबीएमने आपल्या तांत्रिक संदर्भग्रंथात बायॉसची संपूर्ण संहिता छापली होती. ती छापलेली असल्यामुळे नक्कल करणे कायद्याने अधिकच अवघड झाले, आणि म्हणून कॉम्पॅकने व पुढे १९८४ मध्ये फिनिक्सने मूळ संहिता न पाहिलेल्या माणसांकडून केवळ वर्तनाच्या वर्णनावरून ती पुन्हा लिहवून घेतली. यानंतर पंचवीस वर्षे या क्षेत्रात लिखित कायद्याऐवजी रूढीचे राज्य होते. डिस्कवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणावा, त्याच्या शेवटी ठराविक दोन बाइटांची खूण आहे की नाही ते पाहावे आणि त्यावर उडी घ्यावी, एवढाच व्यवहार. त्या ५१२ बाइटांतील ४४६ प्रोग्रामसाठी, उरलेल्या जागेत चार विभागांची नोंद. आणि ५१२ बाइटांच्या खंडांची दोन टेराबाइटपलीकडील डिस्क या नोंदीत मावत नाही. २०१७ मध्ये इंटेलने या रूढीस आपल्या नव्या मंचांवर २०२० पर्यंत विराम देण्याचे जाहीर केले. आता ज्या विकसकास बायॉसच्या सेवा हव्या असतात तो बहुधा सीबायॉस ही मुक्त प्रणाली आभासी यंत्रात वापरतो. अध्ययनासाठी ती उत्तम, कारण तीत रूढी प्रथमच सुवाच्य झाली आहे.

ईएफआयचा जन्म इटेनियम प्रोसेसरच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकते. हा प्रोसेसर एक्स-८६ नव्हता. सोळा बिटांची, एक मेगाबाइटच्या कुंपणातील जुनी पद्धती तेथे नेणे निरर्थक होते. इंटेलने नव्वदीच्या उत्तरार्धात आरंभिलेला हा उपक्रम प्रारंभापासूनच ‘सर्व यंत्रांसाठी एक करार’ या भूमिकेतून वाढला. २००५ मध्ये त्याचा कारभार एका संयुक्त मंडळाकडे गेला व नावापुढे ‘यू’ लागला. इटेनियम इतिहासजमा झाला, करार उरला.

या कराराचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. विकसकाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोठा गुण असा की, यंत्राचा अंतर्भाग न जाणताही त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिता येतो. सी भाषेत लिहिलेला एखादा छोटा प्रोग्राम संकलित करून, फॅट पद्धतीने मांडलेल्या पेनड्राइव्हवर ठरलेल्या नावाने ठेवला, की तो कोणत्याही कंपनीच्या एक्स-६४ संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीमविना चालतो. अर्थात सिक्युअर बूट बंद असेल तर. बायॉसच्या काळात हे अशक्य नव्हते, पण ५१२ बाइटांच्या खिडकीतून आत शिरून, सोळा बिटांतून बत्तीस व चौसष्ट बिटांत स्वतःच चढून जावे लागे. त्या गिर्यारोहणात विद्यार्थ्याचे अर्धे सत्र जाई.

परंतु करार जसजसा विस्तारला तसतशी त्याचे पालन करणारी संहिता एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टीमच होऊन बसली. ईडीके-२ मध्ये प्रारंभाचे टप्पे स्पष्ट आखलेले आहेत : सुरक्षेचा पहिला टप्पा, मग स्मृती जुळविणारा पीईआय, मग ड्रायव्हरांचा डीएक्सई, मग कोणते साधन निवडावे हे ठरविणारा टप्पा. यांतील डीएक्सई हा टप्पा वाचकाची कसोटी पाहतो. येथे प्रत्येक सेवा १२८ बिटांच्या एका अद्वितीय क्रमांकाने ओळखली जाते. एक ड्रायव्हर सेवा जाहीर करतो, दुसरा तिची वाट पाहतो, आणि कोण कोणाच्या आधी चालेल हे त्यांच्या परस्परावलंबनाच्या सूत्रांवरून चालण्याच्या वेळी ठरते. परिणामी संहिता वाचून ‘यानंतर काय घडेल’ याचे उत्तर मिळत नाही; फलन कोणास बोलावते हे पाहण्यासाठी त्या क्रमांकाचा माग काढीत दहा संचिका धुंडाळाव्या लागतात. या रचनेचा हेतू मात्र उघड आहे. चिप बनविणारा, फर्मवेअर विकणारा आणि संगणक जुळविणारा असे तीन धंदे वेगवेगळे आहेत, आणि त्यांना एकमेकांची संहिता न दाखविता एकत्र काम करावयाचे आहे. ईडीके-२ ची रचना ही त्या व्यापारी रचनेची छाया होय. तीस केवळ ‘क्लिष्ट’ म्हणून नाक मुरडणारे टीकाकार हे ध्यानात घेत नाहीत; आणि तिची ‘मॉड्यूलर’ म्हणून भलामण करणारे हे सांगत नाहीत की, जोडणीचे हे स्वातंत्र्य मुख्यतः बंद संहितेच्या सोयीचे आहे. बीएसडी वळणाचा परवानाही याच सोयीस पूरक ठरतो. एएमआय, इन्साइड व फिनिक्स या विक्रेत्यांची उत्पादने टियानोकोअरच्या पायावर उभी राहू शकली, आणि तरीही ग्राहकाच्या हाती त्यांची संहिता येत नाही.

आकाराचे परिणाम केवळ वाचकालाच भोगावे लागतात असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ या नावाने प्रसिद्ध झालेले दोष पाहावेत. संगणक सुरू होताना उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर यावे म्हणून चित्र वाचणारे जे प्रोग्राम डीएक्सईमध्ये घातलेले होते, त्यांतच वैगुण्ये निघाली. आणि रचलेले चित्र ठेवून फर्मवेअरवर ताबा मिळविता येतो असे दिसून आले. वर उल्लेखिलेल्या तिन्ही विक्रेत्यांच्या उत्पादनांस ही बाधा होती. बोधचिन्हाचे चित्र उलगडणे हे यंत्राच्या प्रारंभास आवश्यक कार्य आहे काय, असा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो.

कोअरबूटचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते १९९९ पासून तेच आहे. रॉन मिनिच यांनी त्या वर्षी अमेरिकेतील लॉस अॅलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत हा प्रकल्प आरंभला तेव्हा त्याचे नाव लिनक्सबायॉस होते. प्रयोगशाळेस शेकडो संगणकांचे समूह चालवावयाचे होते. कळफलक जोडलेला नाही म्हणून थांबून राहणारा आणि पुढे जाण्यासाठी कळ दाबण्याची विनंती करणारा बायॉस अशा समूहात किती निरुपयोगी, हे सांगावयास नको. कल्पना सरळ होती. लिनक्सला यंत्रे हाताळता येतातच, तर किमान जुळणी करून तेच थेट फ्लॅश चिपमधून सुरू करावे. परंतु त्या काळच्या बोर्डांवरील चिपा इतक्या लहान असत की, लिनक्सचे कर्नल त्यांत मावेना. मग जुळणी करणारा भाग आणि पुढचा भाग वेगळे करण्यात आले; पुढच्या भागास पेलोड हे नाव मिळाले आणि तेथे लहान लहान प्रारंभक बसविले गेले. चिपच्या अपुऱ्या जागेने लादलेली ही तडजोडच पुढे प्रकल्पाचे तत्त्व ठरली. लिनक्स आत नसताना नावात तरी का असावे, या न्यायाने २००८ मध्ये कोअरबूट हे नाव आले.

नाट्यशास्त्राची परिभाषा वापरावयाची झाल्यास कोअरबूट हा नांदी म्हणून निघून जाणारा सूत्रधार आहे. तो रंगभूमी झाडून देतो, दिवे लावतो, पात्रास आत सोडतो आणि स्वतः दिसेनासा होतो. प्रोसेसरच्या व्यवस्थापन-अवस्थेसाठी ठेवलेला एक लहानसा अंश सोडला तर मागे काही उरत नाही. यूईएफआयचा सूत्रधार मात्र विंगेत उभा राहतो. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाल्यावरही घड्याळ, फर्मवेअरमधील चलराशी, यंत्र पुन्हा सुरू करणे अशा सेवांसाठी तिने त्यास हाक मारावी, अशी अपेक्षा असते. यांपैकी कोणता सूत्रधार बरा, याचे एकच उत्तर नाही. उत्पादकाला विंगेतला माणूस हवासा वाटतो. दोष शोधू पाहणाऱ्याला तो नकोसा वाटतो, कारण चुकीचा संशय घेण्यास एक जागा वाढते.

कोअरबूटची संहिता वाचण्यास सरळ आहे. लिनक्स कर्नलच्या सवयीची मांडणी, तीच संरचनेची यादी, टप्प्यांचा ठरलेला क्रम. प्रारंभीची नोंद स्मृतीत राखून ठेवली जाते आणि लिनक्स सुरू झाल्यावर एका साध्या आज्ञेने ती वाचता येते. शिकणाऱ्यास याहून उपकारक सोय सापडणे कठीण. क्रोमबुकांत २०१२ पासून त्याचा वापर होत आल्यामुळे प्रयोगशाळेबाहेरही ते मोठ्या प्रमाणावर चालून सिद्ध झाले आहे.

आता वर राखून ठेवलेल्या निकषाकडे यावे. वाचता येणारी ही सुबक संहिता कोठे संपते? अलीकडच्या इंटेल मंचांवर स्मृतीची जुळणी कोअरबूट स्वतः करीत नाही. ते इंटेलने दिलेल्या एफएसपी या बंद, संकलित स्वरूपातील भागास बोलावते आणि तो परत येईपर्यंत थांबते. म्हणजे प्रारंभाचा सर्वांत कठीण, सर्वांत बोधप्रद अंश बंद पेटीतच राहतो. आणि गंमत अशी की, ही पेटी ईडीके-२ च्याच साहित्यातून घडविलेली असते. ‘कोअरबूट विरुद्ध यूईएफआय’ या वादातील दोन्ही पक्षांचे उत्साही पुरस्कर्ते ज्या यंत्रावर भांडतात, त्याच्या पोटात पुष्कळदा दोघेही शेजारी नांदत असतात. कोअरबूट मुक्त आहे हे विधान परवान्याच्या दृष्टीने निर्दोष आहे, जीपीएलची दुसरी आवृत्ती त्यास साक्ष आहे; पण ‘कोअरबूट असलेला संगणक मुक्त आहे’ हे विधान त्यावरून निष्पन्न होत नाही. हे दोन वाक्यप्रयोग एकमेकांच्या जागी वापरणे हा या विषयावरील लेखनातील नेहमीचा दोष होय.

याला अपवाद आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स-२२० व एक्स-२३० या जुन्या संगणकांसाठी स्मृती जुळविणारी संहिता स्वयंसेवकांनी मूळ प्रोग्रामाच्या वर्तनाचा अभ्यास करून सी भाषेत नव्याने लिहिली. ज्यास डीडीआर-३ ची जुळणी प्रत्यक्ष कशी होते हे शिकावयाचे आहे, त्याने कोणत्याही पुस्तकापेक्षा ही संहिता समोर ठेवावी. हे जुने संगणक अभ्यासकांत इतके प्रिय का, याचे कारण यातच आहे. एक्स-२३० मध्ये आठ व चार मेगाबाइटच्या दोन फ्लॅश चिपा असतात. आठ पायांच्या या चिपेला चिमटा लावून बाहेरून लिहिता येते, आणि प्रयोग फसला तर मूळ प्रत पुन्हा चढविता येते.

त्या पिढीनंतर परिस्थिती पालटली. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलने बूट गार्ड आणले. यात उत्पादकाच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा चिपसंचातील फ्यूजांत एकदाच, कायमचा कोरला जातो. पहिल्या फर्मवेअरवर त्या उत्पादकाची स्वाक्षरी नसेल तर प्रोसेसर ते चालवीत नाही. अशा यंत्राच्या धन्यास फ्लॅश चिप काढता येते, वाचता येते, पुसता येते. तीत स्वतःचे काही लिहून चालविता मात्र येत नाही. आणि हा निर्णय खरेदीच्या आधी, कारखान्यात झालेला असतो. बहुतेक विक्रीपत्रकांत त्याचा उल्लेखही नसतो. प्रणालींच्या गुणदोषांचे कोष्टक येथे निष्प्रभ होते. ज्यास विकसक ‘पर्याय’ म्हणतो तो त्याच्या हाती उरलेलाच नसतो.

या बंदोबस्ताच्या बाजूने जे सांगितले जाते ते हलके नाही. फर्मवेअरमध्ये शिरलेला शत्रू ऑपरेटिंग सिस्टीम बदलूनही जात नाही. तेव्हा विश्वासाचे मूळ अचल असावे, हे म्हणणे तर्कास धरून आहे. पण अचल मूळ ज्याच्या हाती, त्याच्या सावधपणावर सर्व अवलंबून राहते. जुलै २०२४ मध्ये उघडकीस आलेले ‘पीकेफेल’ प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. शेकडो प्रकारच्या संगणकांत सिक्युअर बूटची मूळ किल्ली म्हणून एएमआयने केवळ चाचणीसाठी दिलेली किल्लीच राहून गेली होती. तिच्या नावातच ‘डू नॉट ट्रस्ट’ असे, म्हणजे विश्वास ठेवू नये असे, स्पष्ट लिहिलेले होते. आणि तिचा गुप्त अर्धा भाग आधीच बाहेर फुटलेला होता. दोन हजार पृष्ठांच्या मानकात या किल्लीची जागा काटेकोरपणे सांगितलेली आहे. ती किल्ली बदलावी, एवढे कारखान्यातील कोणी तरी करावयाचे होते.

लिनक्सबूट हा प्रकार याच अस्वस्थतेतून निघाला. २०१७ मध्ये गूगलमध्ये मिनिच व त्यांचे सहकारी यांनी पुढे आणलेली कल्पना अशी की, यूईएफआयमधील स्मृती जुळविणारा पहिला टप्पा आहे तसा ठेवावा, पण डीएक्सईतील ड्रायव्हरांचा बराचसा पसारा काढून त्या जागी लिनक्सचे कर्नल बसवावे. जाळे, डिस्क, फाइलींची मांडणी यांसाठी सहस्रावधी लोकांनी तपासलेले ड्रायव्हर तेथे आयतेच असतात. गो भाषेत लिहिलेल्या यू-रूटसारख्या लहान संचातून खरी ऑपरेटिंग सिस्टीम शोधावी आणि तिच्याकडे सूत्रे द्यावी. जानेवारी २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला. चिपा मोठ्या होताच एकोणीसशे नव्याण्णवची मूळ कल्पना अशी परत आली. सर्व्हरांच्या मोठ्या कोठारांत, जेथे लिनक्सच चालवावयाचे असते, तेथे हा मार्ग सयुक्तिक आहे. विंडोज चालविणाऱ्या घरगुती संगणकास तो सोयीचा नाही, आणि सोळा मेगाबाइटच्या चिपेत कर्नल व त्याचा संच कोंबताना ड्रायव्हरांची काटछाट करावीच लागते.

यू-बूटचे जग निराळे. वोल्फगांग डेंक यांनी २००० मध्ये पॉवरपीसी बोर्डांसाठी चालविलेल्या पीपीसीबूटमधून ते २००२ मध्ये या नावाने सिद्ध झाले, आणि आज एआरएम व रिस्क-फाइव्ह बोर्डांवर तेच बहुधा भेटते. त्याचा विशेष म्हणजे संवाद. वीज दिल्यावर ते काही क्षण मोजते; त्यात कळ दाबली की आज्ञा स्वीकारणारी ओळ समोर येते. तेथून स्मृतीतील शब्द वाचता येतो, बदलता येतो, जाळ्यावरून कर्नल आणता येते, चलराशीत प्रारंभाचा विधी लिहून ठेवता येतो. बीगलबोन ब्लॅक या २०१३ च्या बोर्डावर हा क्रम विशेष स्वच्छ दिसतो. चिपमधील न बदलणारी रॉम मायक्रोएसडी कार्डावरून एमएलओ नावाची एक लहान फाइल १२८ किलोबाइटांच्या आत असलेल्या अंतर्गत स्मृतीत आणते. हे यू-बूटचेच एक आटोपशीर रूप, जे डीडीआर जुळविते आणि मग पूर्ण यू-बूट चढविते. पूर्ण संहितेसाठी जागा नाही म्हणून तिचेच लहान रूप आधी धाडावयाचे, ही युक्ती रॉमसीसीइतकी चमत्कृतिपूर्ण नाही, पण टिकाऊ ठरली. आणि डीडीआरच्या जुळणीची संहिता येथे उघडी आहे. प्रयोग बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्या संगणकावर पुन्हा लिहावे, बोर्डावरील एक बटण दाबून धरीत वीज द्यावी, की काम झाले; चिमट्याची गरज नाही.

एआरएमची सर्वच बोर्डे अशी उदार असतात, असा समज मात्र करून घेऊ नये. रास्पबेरी पायवर प्रारंभ मुख्य प्रोसेसर करीत नाही. चित्रप्रक्रियेचा भाग आधी जागा होतो, ब्रॉडकॉमची बंद संहिता चालवितो, आणि यू-बूट किंवा ईडीके-२ यांना प्रवेश मिळतो तो स्मृतीची जुळणी आटोपल्यावर. स्वस्त व सर्वत्र मिळणारे म्हणून हे बोर्ड फर्मवेअरच्या अध्यापनासाठी निवडले जाते. त्या हेतूसाठी ते फारसे योग्य नाही.

या विवेचनात ओपन फर्मवेअरचा निर्देश सहसा केला जात नाही. सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेवर उभारलेली ही प्रणाली १९९४ मध्ये आयईईईचे १२७५ क्रमांकाचे मानक झाली. स्पार्क यंत्रे, अॅपलचे पॉवर मॅक आणि पुढे एका विद्यार्थ्यास एक संगणक या योजनेचा एक्सओ यांवर ती चालली. विस्तारपट्टीवरील प्रोग्राम कोणत्याही एका प्रोसेसरच्या भाषेत न लिहिता मध्यस्थ सांकेतिक भाषेत लिहावा, म्हणजे तीच पट्टी भिन्न यंत्रांत चालेल, ही तिची दृष्टी उदार होती. अॅपल २००६ मध्ये इंटेलकडे वळल्यावर तिचा मोठा आश्रयदाता गेला. तरी तिचे एक अपत्य जिवंत आहे. यंत्रात कोणती साधने कोठे आहेत याचे वृक्षरूप वर्णन, ज्यास डिव्हाइस ट्री म्हणतात, ते मूळचे तिचेच. २०११ नंतर एआरएमवरील लिनक्सने त्याचा अंगीकार केला आणि यू-बूट आज तेच वर्णन कर्नलच्या हाती देते.

विद्यापीठीय अभ्यासकाने या सर्वांतून निवड कशी करावी? पहिला धडा कोणत्याही बोर्डाविना गिरविता येतो, हे अनेकांस ठाऊक नसते. ईडीके-२ मधील ओव्हीएमएफ आणि कोअरबूट, दोन्ही क्यूएमू या आभासी यंत्रात चालतात; यू-बूटची ‘सँडबॉक्स’ ही रचना तर लिनक्सवरील साध्या प्रोग्रामासारखी सुरू होते आणि नेहमीच्या डीबगरने एकेक पाऊल तपासता येते. मात्र आभासी यंत्रातील रॅम जन्मतःच जुळलेली असते. म्हणजे ज्या अंशावर वरील सर्व विवेचनाचा भर आहे, तोच तेथे अनुपस्थित असतो. आणि केवळ आभासी यंत्रावर लिहिलेले प्रबंध वाचताना ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रारंभकावर संशोधन करणाऱ्यास यूईएफआयचा करार पुरेल व तेथे ओव्हीएमएफच इष्ट. यंत्राच्या जुळणीवर काम करावयाचे असेल तर बीगलबोनसारखे बोर्ड किंवा चिमट्याने लिहिता येणारा जुना थिंकपॅड हवा, आणि नवा संगणक घ्यावयाचा असेल तर त्याच्या फ्यूजांची स्थिती खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावी.

रिस्क-फाइव्हने या प्रश्नास आपल्या देशात एक वेगळे वळण दिले आहे. मद्रास आयआयटीचा शक्ती आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर येथेच रचले गेले. या घराण्यात सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर ओपनएसबीआय आणि तिच्याखाली यू-बूट अशी जोडी आता रूढ होत आहे. परंतु ओपनएसबीआय स्मृती जुळवीत नाही. तिला ती जुळलेली मिळावी लागते. त्या आधीचा टप्पा ज्याने चिप रचली त्यानेच लिहावयाचा, आणि स्मृतीनियंत्रक दुसऱ्याकडून विकत घेतला असेल तर त्याबरोबर जुळणीची संहिता वाचनीय स्वरूपात मिळणार की संकलित पेटीच्या रूपात, हे खरेदीच्या करारातच ठरते.